रडारवर दिसलेलं विमान

पडदा पांढरा झाला तेव्हा केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो, मी आणि सार्जंट कुरियन. त्याआधी वायव्येकडून दोन ठिपके येत होते, एक पुढे, एक मागे. मग कुणीतरी पिठाची परात उपडी करावी तशी त्या बाजूची सगळी जागा भुरकट होऊन गेली आणि दोन्ही ठिपके त्यात बुडाले.

"जॅमर सुरू केला त्यांनी," कुरियन म्हणाला.

"वेळ लाव."

त्यानं घड्याळ दाबलं. मी नॉब फिरवून रडारची फ्रिक्वेन्सी बदलली आणि वाट बघत बसलो. पीठ झडलं. दोन्ही ठिपके जिथे असायला हवे होते तिथेच होते, जरा पुढे सरकलेले.

"किती?"

"अकरा सेकंद."

मला वाटलं, आता जॅमर पाठोपाठ येईल आणि या फ्रिक्वेन्सीवरही पीठ उधळेल. पण तो आपला जुन्याच जागी ओरडत बसला होता. आम्ही इकडे दोन्ही विमानं आरामात बघत होतो. थोड्या वेळानं ती वळून परत आली. पुन्हा पीठ, पुन्हा नॉब. या खेपेला नऊ सेकंद लागले.

कुरियननं माझ्याकडे बघितलं. "साहेब, हे तर काहीच नाही."

"तू आकडे लिही," मी म्हणालो. "काही आहे की नाही ते लिहिणारे दुसरे आहेत."

हे सगळं भाकरोलला घडलं. वाळवंटाच्या कडेचा चाचणीचा तळ. खरं नाव सांगत नाही. मी तेव्हा एकावन्न वर्षांचा होतो. वॉरंट ऑफिसर दत्ताजी खवरे, मूळचा कागल तालुक्यातला, बत्तीस वर्षं रडारच्या पडद्यासमोर काढलेला. हवाई दलाला नवी मालवाहू विमानं घ्यायची होती, आणि त्यांच्या सोबतीला त्याच बनावटीची चार विमानं, पोटात जॅमर बसवलेली. जॅमरवाल्यानं पुढे उडून शत्रूची रडारं आंधळी करायची आणि त्याच्या आडोशानं मागून जवान भरलेली विमानं जायची, असा बेत. परदेशी कंपनी दोन्ही एकत्र विकत होती. एक घेऊन दुसरं सोडायची सोय नव्हती. जॅमर कसोटीला उतरला तर सगळा ताफा येणार, नाही तर काहीच नाही.

रडार म्हणजे अंधारात हाक मारायची आणि ती आपटून परत आली की ऐकायची. जॅमर त्याच सुरात आरडाओरडा करतो, म्हणून परतलेली हाक ऐकू येत नाही. त्यावर कुठलाही शत्रू सूर बदलणारच. आणि जॅमर चांगला असेल तर तोही त्याच्यामागून सूर बदलणार. कंपनीच्या पत्रकात लिहिलं होतं की त्यांचा जॅमर पापणी लवायच्या आत बदलतो. तेच तपासायला आम्हाला शत्रू करून बसवलं होतं. पाच दिवस, पाच उड्डाणं.

जॅमरवालं विमान कंपनीचे वैमानिक उडवत होते. मागचं मालवाहू आमचं, जुनं. ते फ्लाइट लेफ्टनंट केतकी म्हसकर उडवत होती. नाशिकची पोरगी, तिशीच्या आतली. उतरल्या उतरल्या ती जीप घेऊन थेट आमच्या केबिनकडे आली आणि पायऱ्या चढतानाच विचारायला लागली, "खवरे साहेब, दिसले का मी?"

"दिसलात की मॅडम. अकराव्या सेकंदाला."

ती हसत होती, थांबली. "म्हणजे?"

"म्हणजे मी शत्रू असतो तर बाराव्या सेकंदाला तुमच्यावर क्षेपणास्त्र सुटलं असतं."

तिनं कुरियनच्या हातातला कागद घेतला, दोनदा वाचला. "माझ्या पाठीमागे चाळीस जवान बसलेले असतात," ती म्हणाली. "ही विमानं आली की यांच्या आडोशानं मलाच जायचंय. नीट लिहा हं. एक शब्द कमी करू नका."

"कमी कशाला करतोय?" मी म्हणालो. आणि त्या दिवशी मला खरोखरच तसं वाटत होतं.

दुपारी विंग कमांडर फळणीकर आले. चाचणी पथकाचे प्रमुख, पुण्याचे. माझ्याशी कायम मराठीत बोलायचे, आणि तेही असं की प्रत्येक शब्द धुऊन इस्त्री करून ठेवलेला. त्यांनी कुरियनला बाहेर पाठवलं, दार ओढून घेतलं आणि रिकाम्या खुर्चीवर रुमाल टाकून बसले.

"खवरे, नॉब का फिरवलात?"

"सर, शत्रू फिरवणारच."

"तुम्ही शत्रू नाही. तुम्ही मोजमापाचं साधन आहात. तराजू स्वतःचं डोकं चालवायला लागला तर वजन कसं करायचं?"

"पण सर, त्यांचा जॅमर सूर बदलतो की नाही, तेच तर बघायचंय."

"बदलेल. पुढच्या आवृत्तीत. त्यांनी तसं लेखी दिलंय." ते उठले, रुमाल झटकला, घडी घालून खिशात ठेवला. "उद्या सकाळी लेखी सूचना येईल. त्याप्रमाणे करा."

सूचना आली. 'चाचण्यांमध्ये एकसारखेपणा राहावा म्हणून रडार एकाच फ्रिक्वेन्सीवर चालवावे.' खाली त्यांची सही.

पुढचे चार दिवस आम्ही पीठ बघत बसलो. विमानं यायची, पडदा पांढरा व्हायचा, विमानं डोक्यावरून निघून जायची, आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचो. हो, खरंच मांडीखाली. बत्तीस वर्षांची सवय होती, हात आपोआप नॉबकडे जायचा. कुरियन एकदा म्हणाला, "साहेब, चोर यायच्या वेळेला आपण डोळे मिटून बसायचं आणि मग सांगायचं, काय हुशार चोर आहे!" मी त्याला गप्प बसवलं.

रोज उड्डाण संपलं की भल्ला यायचा. निवृत्त एअर कमोडोर, आता कंपनीचा सल्लागार. कधीकाळी त्याच्या हाताखाली तीन हजार माणसं होती म्हणे. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून "वा, खवरे साहब, वा!" करायचा. हात कायम ओलसर. तो गेला की शर्टावर चार बोटांचा डाग राहायचा आणि केबिनमध्ये अत्तराचा वास. मालकासमोर शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याला मी कधी हिणवलं नाही, ते त्याचं पोट आहे. पण हा माणूस जेवून तृप्त होता.

पाचव्या दिवशी शामियाना घातला. मटण, रुमाली रोटी, जिलेबी. आम्हा वॉरंट ऑफिसरांची पंगत नेहमी वेगळी असते, पण त्या दिवशी फळणीकरांनी मला हाक मारून आपल्या टेबलावर बसवलं. उन्हात रस्सा निवत होता, वर तेलाची साय धरली होती आणि माशा तिच्यावरून उठून माणसांच्या ओठांवर बसत होत्या. भल्लानं आपल्या बोटांनी एक नळी उचलली, माझ्या ताटात ठेवली. "घ्या, ही तुमच्या रडारसाठी." सगळे हसले. मग तो दुसरी नळी तोंडात धरून चोखायला लागला. चरबी मनगटापर्यंत ओघळली तशी त्यानं ती जिभेनं टिपली आणि तोंडात घास असतानाच बोलत राहिला, विमानाला पंख किती लांब, पोटात किती माल मावतो. फळणीकर मात्र काट्या-चमच्यानं, आवाज न करता जेवत होते.

मला शिसारी आली, असं मी आता म्हणतो. पण मी ती नळी खाल्ली. भूक लागली होती आणि मटण चांगलं झालं होतं. मी चवीनं खाल्लं, हे मला भल्लाच्या मनगटापेक्षा जास्त आठवतं.

जेवण झाल्यावर फळणीकर मला त्यांच्या खोलीत घेऊन गेले. टेबलावर आमच्या रडारच्या बिघाडाची वही उघडून ठेवलेली होती. ती वही माझ्या ताब्यात असायची. त्यांच्याकडे कशी आली, ते मी विचारलं नाही.

"पाचपैकी चार उड्डाणं उत्तम झाली," ते म्हणाले. "पहिल्या दिवसाचं काय करायचं?"

"त्या दिवशी जॅमर उघडा पडला, सर."

"किंवा तुमचं रडार बिघडलं होतं. जुनं आहे ते. नॉब फिरवल्यावर जे दिसलं ते खोटं चित्र असू शकतं."

"नव्हतं सर. माझं रडार मला माहीत आहे. त्या दिवशी त्याला साधी शिंकसुद्धा आली नव्हती."

ते रागावले नाहीत. खिडकीशी गेले. तिथून धावपट्टी दिसायची, आणि तिच्या टोकाला केतकीचं ते जुनं मालवाहू उभं होतं, इंजिनाखाली तेलाचा डाग पडलेलं.

"अशी आपली किती विमानं पडली, ठाऊक आहे ना तुम्हाला? एकात माझा मित्र होता. आम्ही एकाच तुकडीतले. डोंगरावर सापडला तो, म्हणजे त्याचं जे काही उरलं होतं ते सापडलं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चुरगळला. "हा सौदा बारगळला तर पुन्हा पहिल्यापासून निविदा, पुन्हा दहा वर्षं. ही म्हसकर त्याच खटाऱ्यात बसून चाळिशीची होईल, झालीच तर. जॅमर कच्चा आहे, मला कळत नाही का? तो नंतर सुधारून घेऊ. आधी विमानं तर येऊ द्या."

आता सांगायला लाज वाटते, पण मला ते पटलं. निदान निम्मं पटलं. मग ते टेबलाशी आले, पेनाचं टोपण काढलं, पेन माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "तुमचं नाव मानद अधिकारीपदासाठी पुढे सरकायला हवं. मी तुमच्याबद्दल लिहिणार आहेच."

दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं ते म्हणाले नाहीत. मधे फक्त पेनाचं टोपण काढलं.

आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत. गावात परतलेल्या माणसाचं नाव बुडतं आणि हुद्दा उरतो. चौकातल्या कट्ट्यावर कुणी हवालदार असतो, कुणी नाईक, कुणी सुभेदार. मेल्यावर पाटीवरही तेच. हवाई दलातला वॉरंट ऑफिसर म्हणजे काय, हे कट्ट्याला कधी उमगलं नाही. सुट्टीवर गेलो की विचारायचे, "म्हंजे सुभेदाराच्या खाली का वर?" माझी बायको शालन त्यांना समजावून दमली. अधिकारी म्हटलं की कुणालाच समजवावं लागलं नसतं.

मी पेन घेतलं आणि वहीत लिहिलं, 'पहिल्या दिवशी रडारमध्ये तात्पुरता बिघाड. पडद्यावर चुकीचे चित्र येत होते.' खाली सही, तारीख. माझं अक्षर चांगलं आहे. फळणीकरांनी वाचलं आणि म्हणाले, "काय सुंदर लिहिता हो."

बाहेर आलो तर केतकी समोरच उभी. मागून फळणीकर दारात आले आणि तिथेच थांबले.

"खवरे साहेब, मला केबिनकडे फिरकायलाच बंदी केली होती," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी रडार बिघडलं होतं म्हणे?"

"होय मॅडम."

"आणि नंतरचे चार दिवस? दिसले मी?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

यातलं शेवटचं अक्षरशः खरं होतं. मी स्वतःला तेच सांगत होतो.

तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. अधिकारी असं करत नाहीत, पण तिनं केलं. "चार रात्री झोपले नव्हते मी," ती म्हणाली. "कागदावर काहीही लिहितात हो लोक. पण तुमच्या तोंडून ऐकलं, आता बरं वाटलं." मी हात सोडवून घेतले. माझ्या बोटांना अजून मटणाचा वास येत होता.

संध्याकाळी घरी फोन केला. शालन म्हणाली, "आवं खरंच? आफिसर हुनार तुमी?"

सहा वर्षं गेली. विमानं आली, नवी कोरी, मालवाहूही आणि जॅमरवालीही. वर्तमानपत्रांत ताफा वाढल्याचे फोटो आले. जॅमरची सुधारलेली आवृत्ती आली नाही आणि कुणी तिची आठवणही काढली नाही. लढाई झाली नाही, विमान पडलं नाही, कुणी मेलं नाही, त्यामुळे मीही झोपत होतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षी, सव्वीस जानेवारीच्या यादीत माझं नाव आलं. मानद फ्लाइंग ऑफिसर. गावात वेशीवर फलक लागला. कट्टा उठून उभा राहिला.

निवृत्तीला दोन महिने उरले होते तेव्हा मी दक्षिणेतल्या एका प्रशिक्षणाच्या रडारवर होतो. एका सकाळी मालवाहू वैमानिकांची नवी तुकडी रडार बघायला आली. चौदा पोरं-पोरी, आणि त्यांच्या पुढे विंग कमांडर केतकी म्हसकर. कानांवरचे केस पांढरे झाले होते. मला बघून ती धावतच आली.

"साहेब! आणि खांद्यावर पट्टी!" ती मुलांकडे वळली. पुढचं सगळं हिंदीत चाललं होतं, मी मराठीत सांगतो. "मी वर्गात ज्यांच्याबद्दल सांगते ना, ते हे. भाकरोलच्या चाचणीत रडारवर हेच होते."

मुलं माझ्याकडे बघायला लागली, देवळात आल्यासारखी. त्यातल्या एकीनं हात वर केला. "मॅम, शत्रूनं फ्रिक्वेन्सी बदलली तर?"

"यांनी बदलून बघितलीय," केतकी म्हणाली. "चार दिवस जे जे करता येईल ते सगळं केलं यांनी. मी एकदाही दिसले नाही. म्हणून तर आपण उड्डाणाची पद्धत बदलली. पूर्वी आम्ही डोंगरांच्या आडून, खालून खालून जायचो. आता जॅमरच्या मागे राहून उंचावरून सरळ जातो. वेळ वाचतो, इंधन वाचतं. तुम्हीच सांगा ना यांना, साहेब."

मला ते तोवर ठाऊक नव्हतं. कागद वर गेला, फायलीत बसला, एवढंच मी धरून चाललो होतो. तो खाली उतरून यांच्या उड्डाणांत गेलाय, आणि ही चौदा पोरं त्याच्या भरवशावर उंचावरून सरळ जाणार आहेत, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. त्यांच्यामागे चाळीस-चाळीस जवान.

"मी बदलली नव्हती, मॅडम," मी म्हणालो.

"काय?"

"फ्रिक्वेन्सी. त्या चार दिवसांत बदलायची नाही असा हुकूम होता. बदलली असती तर तुम्ही दिसला असता. प्रत्येक वेळी."

केतकीनं मुलांना सांगितलं, "चहा घेऊन या," आणि शेवटचा मुलगा बाहेर पडेपर्यंत ती पडद्याकडे बघत राहिली.

"पहिल्या दिवशीचा बिघाड?" तिनं मराठीत विचारलं.

"नव्हता."

"वहीत तुमच्या अक्षरात आहे. मी वाचलंय."

"मीच लिहिलं."

"आणि मला सांगितलंत? माझे हात हातात घेऊन?"

"तुम्ही घेतले होते," मी म्हणालो. काय बोलून गेलो ते बोलल्यावर कळलं.

ती माझ्या खांद्यावरच्या पट्टीकडे बघत होती. "याच्यासाठी?"

मला जुन्या विमानांचं सांगता आलं असतं, फळणीकरांच्या मित्राचं, दहा वर्षांच्या निविदांचं. सगळं खरं होतं. "हो," मी म्हणालो. "याच्यासाठी."

तिनं दोन्ही तळवे पँटच्या बाजूंना पुसले. एकदा, मग पुन्हा एकदा. आपण काय करतोय हे तिचं तिलाही कळलं नसावं. माणसाला शिव्या खाव्या लागतात, मार खावा लागतो, मी तरुणपणी दोन्ही खाल्लंय. पण कुणीतरी आपल्याला हातावरून पुसून टाकताना बघणं, हे वेगळं असतं.

"लिहून द्याल?" तिनं विचारलं.

"देतो."

मी चार पानं लिहिली. लेखी सूचना, भल्ला, वही, पेन, सगळं. तिनं त्याला आपलं पत्र जोडलं की जॅमरची चाचणी पुन्हा व्हावी आणि तोवर जुनीच, खालून उडायची पद्धत ठेवावी. कागद वर गेले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, दीड पानाचं. त्यात म्हटलं होतं की संबंधित अधिकाऱ्याने चाचणीच्या वेळीच स्वतःच्या सहीनिशी रडारमध्ये बिघाड असल्याची नोंद केलेली आहे. आता तो ती नोंद खोटी असल्याचे सांगतो. ज्याने अधिकृत वहीत खोटे लिहिल्याची स्वतःच कबुली दिली आहे, त्याच्या आजच्या म्हणण्यावर विसंबता येत नाही. सबब, प्रकरण बंद.

मी ते दोनदा वाचलं. खोड काढायला जागा नव्हती. मी त्यांच्या जागी असतो तर माझ्यासारख्या माणसाबद्दल हेच लिहिलं असतं.

त्याच आठवड्यात फळणीकरांचा फोन आला. ते निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. भल्ला थकला होता, आणि त्याच्या जागी कंपनीचे सल्लागार आता हेच होते.

"तुमचा कागद दाखवला मला," ते म्हणाले. तीच धुतलेली मराठी. हवाई दलाचा गोपनीय कागद विमानं विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला कुणी दाखवला, ते त्यांना सांगावंसं वाटलं नाही आणि लपवावंसंही वाटलं नाही. "मी मनावर घेतलेलं नाही, खवरे. निवृत्ती जवळ आली की माणूस हळवा होतो. आणि विमानं आली ना? त्या म्हसकरबाई आज नव्या विमानात बसतात, त्यात तुमचाही वाटा आहे. पुण्याला आलात तर घरी जेवायला या."

"तुमच्या त्या मित्राचं नाव काय होतं, सर?" मी विचारलं.

"कुठला मित्र?"

"डोंगरावर सापडले ते."

ते म्हणाले, "अहो, किती वर्षं झाली त्याला," आणि फोन ठेवला. मी बाहेरच्या नळावर जाऊन कान धुतला. आत पाणी गेलं तरी धूत राहिलो.

केतकीला प्रशिक्षणावरून काढलं आणि कुठल्याशा कोठारावर बदली केली. तिथे सुटे भाग मोजायचे आणि पावत्यांवर शिक्के मारायचे. माझ्या निरोपाच्या दिवशी ती बदलीचा हुकूम घ्यायला कार्यालयात आली होती. व्हरांड्यात समोरासमोर आलो. मी सॅल्यूट केला. ती वरच्या हुद्द्याची, उत्तर देणं तिला भाग होतं. तिनं दिलं, माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत.

"मॅडम, त्या मुलांचं काय?" मी विचारलं.

"शेवटच्या तासाला तोंडी सांगितलं. खालून जा, डोंगरांच्या आडून जा, जॅमर असो वा नसो. लेखी देता येत नाही. एकानं विचारलं, मग इतके दिवस तुम्ही उलट का शिकवलंत? मी म्हटलं, एका माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला म्हणून."

"कोण माणूस, ते विचारलं?"

"कशाला विचारतील?" ती म्हणाली. "ती मुलं तिथेच होती ना त्या दिवशी."

ती पायऱ्या उतरून गेली. नंतर मी तिला दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

माझं पद कुणी काढून घेतलं नाही. काढायचं तर का काढलं, ते लिहावं लागलं असतं. मी स्वतःहून परत करायचा अर्ज केला, तर अशी तरतूद नाही असं कळवलं. आता दहा-बारा वर्षं झाली मी गावातच असतो. दरवाजावर पाटी आहे, ती शालननं लावून घेतली. मी जे केलं ते तिला सांगितल्यावर ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही, पण पाटी काढायची म्हटलं तर म्हणाली, लोकांना काय सांगायचं? पंधरा ऑगस्टला शाळेवाले झेंड्याला बोलावतात, मी जातो. कट्ट्यावर बसलेले उठून उभे राहतात.

"साहेब," कुणीतरी हाक मारतं.

आणि मी ओ देतो.